फौजीचा सत्कार आपण करतो, पण तो बॉर्डरवर असताना त्याच्या घरचं कोण बघतं?

फौजीची_बहीण (अमळनेर)

नमस्कार सगळ्यांना. माझा मोठा भाऊ आर्मीत आहे, सध्या जम्मूकडे. आमच्या गावात मागच्या महिन्यात एक जवान रिटायर होऊन आला तर पूर्ण गाव स्टेशनवर, उघडी जीप, फुलं, डीजे, बायकांनी औक्षण केलं, मला खूप भरून आलं आणि हे व्हायलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण त्याच जवानाच्या शेताचा बांध शेजाऱ्याने तो पोस्टिंगवर असताना कोरला आणि त्याची आई दोन वर्षं मोजणीसाठी हेलपाटे मारत होती, तेव्हा मिरवणुकीतला एकही माणूस तिच्यासोबत ऑफिसात गेला नाही. माझ्या भावाचंही तेच. वर्षाला ६० दिवस सुट्टी, ती पण एकदम मिळेल याची गॅरंटी नाही, झेलम एक्सप्रेसने दीड दिवस प्रवास करून येतो आणि आल्यावर बँक, तलाठी आप्पा, आबांचे डोळे, मुलीचं ॲडमिशन यातच सुट्टी संपते. दोन दिवस निवांत झोपला असं मी बघितलेलं नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. लोकांचं प्रेम आहे हे दिसतं, पण ते १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि अंत्ययात्रा एवढ्यापुरतंच का? आणि सरकारचा जो पैसा आहे तो जवानाच्या घरापर्यंत जास्त का येत नाही? काय करता येईल ते अनुभवावरून सांगा.

केळीवाला_रावेर

ताई, जवानांबद्दल आदर आहेच, माझा चुलतभाऊ पण फौजेत होता. पण पैशाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी दिलेत, अजून किती द्यायचे? इकडे केळीला भाव नाही, कपाशीचं काय झालं तुम्ही बघताच आहात. शेतकऱ्याच्याच पोराला फौजेत जावं लागतं कारण शेतीत भागत नाही. आधी शेती सुधारा असं मला वाटतं. कोणाला राग आला तर माफ करा.

हवालदार_रिटायर्ड (शिंदखेडा)

रावेरवाले भाऊ, राग नाही, तुमचं शेतीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, मी पण आता कोरडवाहूच करतो. पण तो ६.८१ लाख कोटीचा आकडा जवानाच्या खिशातला नाही ना. त्यात विमानं, तोफा, जहाजं, कारखाने, तिन्ही दलांचा रोजचा खर्च आणि साधारण १.६० लाख कोटी पेन्शन, सगळं धरलेलं आहे. जवानाच्या हातात काय येतं ते सांगतो. सातव्या वेतन आयोगात मिलिटरी सर्व्हिस पे म्हणून जवान ते जेसीओला (सुभेदार वगैरे) महिन्याला ५२०० ठरले, ऑफिसरला १५५००. थंडी, गोळी, घरापासून लांब राहणं, कधीही हुकूम आला की निघणं, या सगळ्याचा मोबदला ५२००. आम्ही तेव्हाच युनिटमध्ये बोलायचो की थंडी तर दोघांना सारखीच लागते.

आता सियाचीन घ्या. १९८४ च्या एप्रिलपासून आपली माणसं तिथे बसलेली आहेत आणि तिथे गोळीपेक्षा बर्फाने, हवेने जास्त माणसं गेली. २०१७ ला तिथला भत्ता जवानाला १४ हजारावरून ३० हजार केला, चांगलं झालं, म्हणजे सरकारने मनात आणलं तर होतं. पण २०२० ला संसदेत कॅगचा (सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्यांचा) जो अहवाल आला त्यात काय निघालं, तर उंचावरच्या जवानांसाठी बर्फातले गॉगल आणि बूट यांची खरेदी रखडली होती, आणि खास रेशनच्या ऐवजी दुसरे पदार्थ दिल्यामुळे उष्मांक कमी पडत होते. म्हणून मी म्हणतो की जास्त पैसा पाहिजे आणि तो बुटापर्यंत, ताटापर्यंत पोचलेला पाहिजे.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सरकारी मास्तर ५८ ला रिटायर होतो, आम्ही ३७-३८ ला. पोरं तेव्हा सातवी-आठवीत, घर बांधायचं बाकी, आईबाप म्हातारे. पेन्शन आहे पण त्यात एवढं बसत नाही मग सिक्युरिटी गार्डची ड्रेस घालायची. ज्या माणसाने तीस पोरांचं सेक्शन-प्लाटून सांभाळलं, गाड्यांचा अख्खा ताफा घाटातून नेला, त्याला एटीएमच्या दारात स्टुलावर बसवतात. कामाला कमीपणा नाही पण त्याचं कसब वाया जातं याचं वाईट वाटतं मला. ओआरओपी, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी तर सारखी पेन्शन, हे मिळालं (१ जुलै २०१४ पासून लागू धरलं), त्यासाठी आमच्या म्हाताऱ्या फौजींना जंतरमंतरवर बसावं लागलं होतं हे विसरू नका.

मी_सीमेवरची_वहिनी (साक्री)

माझे मिस्टर सीआरपीएफमध्ये आहेत. सगळे फौज फौज म्हणतात पण २००४ नंतर भरती झालेल्या अर्धसैनिक दलाच्या जवानाला जुनी ठरलेली पेन्शन नाही, एनपीएस, म्हणजे पगारातून कापून साठवलेल्या पैशावरची. काम तेच, छत्तीसगडचं जंगल असो का काश्मीर. आमचा पण विचार करा एवढंच.

पळणारा_पोऱ्या (पारोळा)

मी भरतीची तयारी करतोय, दोन वर्ष झाली. पहाटे चारला उठून हायवेच्या कडेने पळतो कारण तालुक्याला धड ग्राउंड नाही, ट्रक अंगावरून जातो की काय वाटतं. आमच्या ग्रुपमध्ये बारा जण आहेत, सगळे शेतकऱ्याची पोरं. १६०० मीटर बसतं पण मेडिकलला पोरं पडतात कारण खाणं नीट नाही.

अग्निपथबद्दल पण बोला ना कोणी. २०२२ पासून भरती चार वर्षांची आहे, त्यातल्या २५ टक्के पोरांना कायम करणार, बाकीचे सेवानिधीचे, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणारे, ११.७१ लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ड्युटीवर गेला तर ४८ लाखाचा विमा आणि बाकी रक्कम मिळते पण आईबापाला महिन्याची फॅमिली पेन्शन नाही. तरी मी जाणार, मला जायचंच आहे. फक्त २२-२३ वर्षाचा होऊन परत आलो तर गावाने "वापस काढलं" असं म्हणू नये, चार वर्ष देऊन आला असं म्हणावं. मना बाप आत्ताच म्हनस, "लोके काय म्हनतीन". त्याला काय उत्तर देऊ?

हवालदार_रिटायर्ड (शिंदखेडा)

बेटा, त्यांना सांग शिंदखेड्याचा एक हवालदार म्हणतो चार वर्षाची फौज पण फौजच असते. आणि हायवेवर पळू नका, शाळेच्या हेडमास्तरांना अर्ज द्या, सकाळी गेट उघडून देतात. आमच्याकडे माजी सैनिकांनी मिळून दिला अर्ज तेव्हा लगेच झालं. गूळ-शेंगदाणे खा रोज, पावडर-बिवडर नको.

ॲड_पांझराकाठ (धुळे)

ताई, बांधाच्या प्रकरणाबद्दल सांगतो, हे फार लोकांना माहीतच नसतं. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट म्हणून १९२५ चा कायदा आहे. जवान विशेष परिस्थितीत, म्हणजे युद्धासारख्या किंवा तशा ठरवलेल्या ठिकाणी नोकरीवर असेल तर त्याच्या गैरहजेरीत कोर्टाने किंवा महसुली अधिकाऱ्याने परस्पर निकाल देऊ नये, सुनावणी पुढे ढकलावी, अशी त्यात सोय आहे. त्यासाठी युनिटकडून सर्टिफिकेट लागतं. दुसरं म्हणजे भावाने कमांडिंग ऑफिसरकडून थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने पत्र मागवावं, अशा पत्राची दखल साध्या अर्जापेक्षा लवकर घेतली जाते, मी स्वतः पाहिलंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण कॉपी द्या. २०२५ ला नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) वीर परिवार सहायता योजना काढलीय, सैनिक बोर्डाच्या ऑफिसात फुकट कायदेशीर मदत मिळावी म्हणून, त्याची चौकशी करा.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? जवानाची बायको टेबलासमोर उभी असते आणि क्लार्क म्हणतो "साहेबांना स्वतः यायला सांगा". अहो ते स्वतः येऊ शकत नाहीत म्हणूनच तर ती आलीय! तिला खुर्ची द्यायला कोणत्याही बजेटची गरज नाही.

फौजीची_बहीण (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. वकील दादा, पत्राचं भावाला आजच कळवते. वहिनी, तुमचा मुद्दा एकदम बरोबर, मी लिहायला पाहिजे होतं. रावेरवाले दादा, शेतकरी आणि जवान हे आपल्याकडे एकाच घरात आहेत, एकाचं काढून दुसऱ्याला द्या असं मी म्हणतच नाही.

ग्रामसभेत मी हे विषय मांडणार आहे. एक, २०२० ला राज्य सरकारने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफ करायचा निर्णय घेतला होता, त्याची आमच्या ग्रामपंचायतीत अंमलबजावणी आहे का ते विचारणार. दोन, ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो (१९४९ पासून), आमच्याकडे त्या दिवशी नोकरदारांना स्टिकर देतात आणि विषय संपतो. त्या दिवसाच्या नावाने जमा होणारा निधी जखमी जवान, वीरपत्नी, फौजींच्या पोरांचं शिक्षण यासाठी असतो आणि दिलेल्या देणगीवर इन्कम टॅक्सला सूट पण मिळू शकते, तर गणपती मंडळांनी डीजेच्या खर्चातले थोडे तिकडे द्यावे असं सुचवणार. तीन, गावात सध्या नोकरीवर असलेल्या जवानांच्या घरांची यादी करून प्रत्येक घराला दोन पोरं नेमायची, दवाखाना आणि ऑफिसच्या कामासाठी.

पारोळ्याच्या भाऊ, तुझ्या ग्रुपने अर्ज दिला का ते इथे कळव. नाही झालं तर आमच्या गावातले दोन माजी सैनिक तुझ्याबरोबर हेडमास्तरांकडे यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.