टूम ऑफ हॉरर्स नव्यांना नको, बी२ द्या

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या नवीन ग्रुपला खरं ओल्ड-स्कूल, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं खेळणं दाखवायचं तर थेट टूम ऑफ हॉरर्स हे मॉड्यूल (तयार लिहिलेलं साहस) लावा असं एकाने सुचवलंय, ते मला नाही पटत. या गेमच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने ते १९७५ च्या ओरिजिन्स या गेमिंग मेळाव्यातल्या टूर्नामेंटसाठी वापरलं होतं, तेही वरच्या लेव्हलच्या कॅरेक्टर्ससाठी, पहिल्यांदा खेळणारा त्यात मरतो आणि का मेलो हेही त्याला कळत नाही. गायगॅक्सचंच १९७९ चं बी२ मॉड्यूल, कीप ऑन द बॉर्डरलँड्स, ते घ्या, त्यात सीमेवरचा एक किल्ला आणि जवळच्या राक्षसांच्या गुहा आहेत.

फक्त एक गोष्ट, ते टॉम मोल्डवेच्या १९८१ च्या बेसिक नियमपुस्तकातल्या रिअ‍ॅक्शन रोलसकट चालवा, म्हणजे समोर आलेले प्राणी कसे वागतील ते दोन फासे टाकून ठरवायचं. इथे इंदूरला स्नेहलतागंजमध्ये मित्राच्या गच्चीवर आम्ही खेळत होतो, आतेबहीण शाळेच्या ग्राफबुकात नकाशा काढत होती, एक चौकोन म्हणजे दहा फूट. कोबोल्डांच्या (छोट्या, दुबळ्या राक्षसांच्या) गुहेत शिरल्या शिरल्या खड्डा आहे, त्यात आमचा फायटर पडला आणि आवाजाने कोबोल्ड धावत आले. दोन फासे टाकले, दहा आले, म्हणजे हल्ला नाही, ऑफर दिली तर विचार करतील. बहिणीने लगेच सगळ्यांचं रेशन पुढे केलं, अर्धा तास नुसती घासाघीस चालली होती आणि पोरं तलवार विसरूनच गेली! त्या नियमांत एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मुख्यतः खजिन्याचा मिळतो, सोन्याच्या एका नाण्याला एक, मारामारीचा अगदी थोडा, त्यामुळे बोलून काम काढणं हीच हुशारी ठरते. आणि किल्ल्यातल्या लोकांना पुस्तकात नावंच दिलेली नाहीत, ती आधी ठरवून ठेवा, पहिल्याच दिवशी खेळाडू विचारतात.