उद्या ऑपरेशन, आणि पेशंटला रात्री दोनला उठवायचं?

खाटेशेजारचा:
बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वय 71, बीपी गोळीवर आटोक्यात. रात्री दहाला दिवे मंद केले, साडेअकराला सलाईनची सुई लावली, दोनला बीपी, चारला "आजोबा, उठा, आंघोळ उरका". नंबर लागला दुपारी साडेबाराला! तोवर गाऊन घालून ताटकळत बसलेले. ऑपरेशन झालेल्या माणसाला तासातासाला तपासा, हरकत नाही. ज्याला अजून काही केलेलंच नाही, त्याला दोनला का उठवायचं?

नाईटड्यूटी:
माझ्या वॉर्डात रात्री आम्ही दोघी आणि पेशंट 34. चारला सुरुवात केली तर कुठे आठपर्यंत सहा जणांची तयारी होते. मंगळसूत्र-बांगड्या काढून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायच्या, सही घ्यायची, यातच अर्धा तास जातो. डॉक्टरांनी "दर चार तासांनी बीपी" लिहिलं असेल तर मी मनाने गाळू? आणि आवाजाचं म्हणाल तर परवा 9 नंबरचे भाऊजी रात्री एकला मोठ्याने रील्स बघत होते. म्हणे, पेशंटचं मन रमतं.

रोखठोक:
एका रात्रीचं काय एवढं? सकाळी भूल देऊन झोपवणारच आहेत. फार तर झोपेची गोळी द्या, विषय मिटला.

भूलवाली:
@रोखठोक, भूल म्हणजे झोप नव्हे, ती झोपेची सगळी थकबाकी भरत नाही. झोप अपुरी असेल तर नंतर दुखणं जास्त जाणवतं आणि वयस्कर माणूस भ्रमात जाण्याचा धोका वाढतो. गोळीने विषय मिटत नाही, घोरणाऱ्या, स्लीप ॲप्नियावाल्या (झोपेत श्वास अडकणाऱ्या) पेशंटचा तर वाढतो.
सिस्टरांचं अर्धं पटतं. इन्सुलिनवरचा पेशंट उपाशी असेल तर रात्री साखर बघायलाच हवी. पण धडधाकट माणसाचं दोनचं बीपी माझ्या कधी कामी आल्याचं आठवत नाही. दहाचं आणि सहाचं लागतं. खरा घोळ यादीचा आहे. पहिल्या नंबरचा आणि पाचव्या नंबरचा, दोघांना चारलाच उठवतात, दोघांचं पाणी रात्री बारालाच बंद. हलक्या खाण्यानंतर सहा तास जाऊ द्यावे लागतात, पण साधं पाणी बहुतेकांना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. घशाला कोरड पडल्यावर झोप कसली लागते?

नाईटड्यूटी:
पाचव्याला पाणी दिलं आणि पहिला रद्द होऊन त्यालाच आधी बोलावलं, तर ओरडा मी खायचा. आणि मॅडम, दोनचं बीपी नको असेल तर तसं लिहा ना शीटवर. मी तरी आजवर लिहिलेलं पाहिलं नाही.

भूलवाली:
मान्य. माझ्याही शीटवर नसतं.

खाटेशेजारचा:
आत्ता बाबांना विचारलं. म्हणाले, "बीपीचं काही नाही रे, ते घेऊन गेली की डोळा लागायचा. सुई कोपराच्या खोबणीत लावलेली, हात वाकवला की टोचायची. रात्रभर हात सरळ धरून पडलो होतो." हे मला शेजारी बसूनही कळलं नव्हतं.

नाईटड्यूटी:
रात्री सलाईन चालू नव्हतं ना? मग ती सकाळी लावता आली असती. आणि मनगटाच्या वर.