फुटबॉलमध्ये गोल आटतात तेव्हा दोष कुणाचा, मॅनेजरचा (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचा) की स्ट्रायकरचा (गोल करायला सर्वात पुढे खेळणाऱ्याचा)? तुमचे अनुभव सांगा

मी मँचेस्टर युनायटेडची चाहती. २०२४-२५चा प्रीमियर लीगचा (इंग्लंडमधली अव्वल लीग) हंगाम संपला तेव्हा आम्ही पंधरावे होतो आणि ३८ सामन्यांत गोल केले होते फक्त ४४. ऑक्टोबरात मॅनेजर एरिक टेन हाग गेले, नोव्हेंबरात रुबेन आमोरिम आले, मागे तीन बचावपटूंची रचना आली, तरी पुढची फळी कोरडीच.

मला अजून छळतो तो आमचा स्ट्रायकर रासमुस हॉयलुंडचा पहिला हंगाम. २०२३मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसामन्यांत त्याने ५ गोल केले, पण प्रीमियर लीगमधला पहिला गोल व्हायला २६ डिसेंबर उजाडला, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. पोरगा तोच, पाय तेच! तेव्हापासून मी सवय लावून घेतली आहे. चेंडू विंगरकडे, म्हणजे कडेने खेळणाऱ्याकडे, गेला की मी स्ट्रायकरकडे बघते. तो जवळच्या खांबाकडे झेपावतो, पास येत नाही, विंगर आत वळून स्वतःच मारतो. असं चार-पाच वेळा झालं की स्ट्रायकर अर्ध्यातच थांबायला लागतो. आणि नेमका तेव्हा कडेवरून गोलसमोर क्रॉस येतो. मग सगळे विचारतात, हा होता कुठे?

तुमचा मॅनेजरवरचा किंवा फॉरवर्डवरचा विश्वास नेमका कधी उडाला? आणि नंतर मत बदललं का? पूर्ण सामने पाहून बनलेली मतं हवी आहेत, हायलाइट्सवरून बनलेली नकोत.

*

आर्सेनल, डिसेंबर २०२०. १४ सामन्यांत १२ गोल, पंधरावं स्थान. मिकेल आर्तेताला काढा म्हणून मी भेटेल त्याच्याशी भांडत होतो. आदल्या हंगामात लीगमध्ये २२ गोल केलेला ऑबामेयांगही संपला, असं छातीठोकपणे सांगत होतो. २६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध एमिल स्मिथ रोला स्ट्रायकरच्या मागे खेळवलं आणि ३-१ जिंकलो. त्यांच्या मिडफिल्ड आणि बचावफळीच्या मधल्या पट्ट्यात उभं राहून चेंडू घेणारा, घेतल्या घेतल्या गोलकडे वळणारा खेळाडू आमच्याकडे तोवर नव्हताच. ऑबामेयांग डाव्या कडेला उपाशी उभा असायचा आणि मी त्याचे गोल मोजत होतो. तो हंगाम आम्ही आठवेच संपवला, पण मॅनेजरला काढा म्हणणं मी त्या दिवशी थांबवलं.

*

मी चेल्सीची, आणि स्ट्रायकर फर्नांडो तोरेस हा विषय निघाला की आजही जीव तुटतो. जानेवारी २०११मध्ये ५ कोटी पौंडांना आला. पहिला गोल एप्रिलच्या २३ तारखेला, वेस्ट हॅमविरुद्ध. पावसाचं पाणी साचलेल्या मैदानात चेंडू त्याच्यापाशी अडला, तो वळला आणि मारला. अख्खा संघ त्याच्या अंगावर जाऊन पडला. त्या उन्हाळ्यात मॅनेजर कार्लो अँचेलोत्ती गेले, पुढच्या मार्चमध्ये आंद्रे व्हिलास-बोआस गेले, तोरेसचं मात्र जैसे थे. आल्याच्या आदल्या वर्षी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. लिव्हरपूलला असताना बचावफळीच्या मागे धावत सुटायचा, ती पहिल्या पाच पावलांची धार इथे क्वचितच दिसली. म्हणून माझं मत वेगळं आहे. काही वेळा मॅनेजरच्याही हातात काही नसतं. २०१२मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावर, दहा जणांनिशी खेळताना, शेवटच्या क्षणी तो एकटा पळत सुटला आणि गोलकीपरला चुकवून त्याने २-२ केलं, तेव्हा मी ढसाढसा रडले. तेवढ्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं.

*

टॉटनहॅम. आमचं सगळं उलटं. हॅरी केन २८० गोल करून ऑगस्ट २०२३मध्ये बायर्नला गेला, तेव्हा वाटलं आता गोल कुठून येणार. २०२४-२५मध्ये लीगमध्ये तब्बल ६४ गोल झाले. आणि २२ सामने हरून आम्ही सतरावे! बचावफळी इतकी पुढे उभी असायची की आक्रमण फसलं की प्रतिस्पर्ध्याला मागे मोकळं रान मिळायचं. मॅनेजर अँजे पोस्टेकोग्लूंवर मी वर्षभर चिडलेला होतो. मग २१ मे रोजी त्यांनी युरोपा लीग जिंकून दिली, १-०. (युनायटेडवाल्या ताई, तुमच्याच विरुद्ध, त्याबद्दल क्षमस्व.) १७ वर्षांनी करंडक आला आणि १६ दिवसांत त्यांना निरोप मिळाला. काढायला हवं होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

*

अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं (युनायटेडचे जुने मॅनेजर) उदाहरण आता येईलच, म्हणून आधीच लिहितो. १९८९-९०मध्ये लीगमध्ये त्यांचा संघ तेरावा होता, तरी क्लबने त्यांना ठेवलं, हे खरं. पण त्याच हंगामात एफए कपचा करंडक आला होता. आम्हाला नुसताच धीर धरायला सांगतात, त्याचा त्रास होतो.

*

क्लबबद्दल नाही, आपल्या भारतीय संघाबद्दल लिहिते. २०२४मध्ये ११ सामने, एकही विजय नाही. जूनमध्ये प्रशिक्षक इगोर स्टिमाच गेले, मग मानोलो मार्केझ आले. सुनील छेत्रीने ६ जूनला कुवेतविरुद्ध निरोप घेतला, नावावर ९४ गोल. तो सामनाही ०-०. मार्च २०२५मध्ये चाळिशी गाठलेल्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. मालदीवला ३-० हरवलं, त्यात त्याचा हेडर होता. नोव्हेंबर २०२३नंतरचा आपला तो पहिला विजय. आनंदाने उड्या मारल्या आणि लगेच पोटात गोळा आला, याच्यानंतर कोण? सहाच दिवसांनी आशियाई कप पात्रतेत बांगलादेशशी ०-०.

मॅनेजर कुणीही येवो, आपल्या लीगमध्ये मधला स्ट्रायकर बहुतेक परदेशी असतो आणि आपली मुलं कडेला. आठवड्यामागून आठवडे बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकटीत) पाठीवर बचावपटू घेऊन खेळलेला भारतीय फॉरवर्ड त्याने आणायचा कुठून? इथे कुणी मुलांना शिकवत असेल तर मला खरंच जाणून घ्यायचं आहे, गोल करणाऱ्या मुलाला कितव्या वर्षी विंगवर हलवतात, आणि का?