मधू लिमयेंचा १९७६ चा राजीनामा: तत्त्वनिष्ठा की मैदान सोडणं?

पिंपळपान (धागाकर्ता)
मार्च १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षं संपत होती. आणीबाणीचा आधार घेऊन सरकारने मुदत वर्षभराने वाढवून घेतली. समाजवादी नेते मधू लिमये तेव्हा बिहारमधल्या बांका मतदारसंघाचे खासदार, पण मिसाखाली (खटल्याविना डांबून ठेवण्याचा कायदा) मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठीच निवडून दिलंय, या भूमिकेतून त्यांनी राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. बाकीचे विरोधक खासदारकी धरून बसले. लिमयेंच्या सगळ्या कारकिर्दीत मला हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते.

सांगलीकर
अजिबात पटलं नाही. लिमयेंचं बळ सभागृहात होतं. १९७४ चं पाँडिचेरी आयात परवाना प्रकरण आठवा. परवान्यांसाठी मंत्र्यांकडे गेलेल्या निवेदनावर २१ खासदारांच्या सह्या, त्यातल्या बहुतेक बनावट. विरोधकांनी ते प्रकरण लोकसभेत लावून धरलं, आणि नियमांचा किस काढून सरकारला उत्तर द्यायला भाग पाडणाऱ्यांत लिमये पुढे होते. हरकतीचा मुद्दा, म्हणजे कामकाज नियमाला धरून नाही अशी तक्रार, आली की अध्यक्षांना आधी त्यावर निर्णय द्यावा लागतो, मंत्र्याला तोवर थांबावं लागतं. बहुमत नसलेल्याच्या हातात एवढंच तर असतं! तेच त्यांनी सोडून दिलं. नोव्हेंबरमध्ये सरकारचे अधिकार वाढवणारी ४२ वी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली तेव्हा हा माणूस खासदारच नव्हता.

मुळामुठा
सांगलीकर, माणूस गजाआड होता हो! हरकतीचा मुद्दा तुरुंगातून मांडता येतो का? आणि ४२ व्या दुरुस्तीच्या वेळी बहुतेक विरोधी पक्षांनी बहिष्कारच घातला होता, त्यामुळे एक खासदार जास्त असता तरी काय फरक पडला असता? मुदतवाढीची तरतूद राज्यघटनेच्या ८३ व्या कलमात आहे, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीकच होतं. अशा वेळी हातात उरतं ते पदच. तेच त्यांनी परत केलं. पुढे माजी खासदाराचं पेन्शन आणि स्वातंत्र्यसैनिकाचं मानधनही नाकारलं. गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांनी १२ वर्षांची शिक्षा ठोठावलेल्या माणसाने!

रानवाट
त्यागाबद्दल दुमत नाही. पण कारकीर्द मोजायची तर १९७९ ही मोजा. जनसंघातून आलेल्यांनी एकाच वेळी सत्ताधारी जनता पक्षात आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघात राहू नये, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद लिमयेंनी पेटवला. जुलैमध्ये मोरारजी देसाईंचं जनता सरकार गेलं, जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या, आणि बांक्यात लिमये स्वतःही पडले. विरोधात असतानाची सवय सत्तेत आल्यावरही सुटली नाही. ज्या मतदारांनी १९७७ मध्ये जीव ओतून मतं दिली, त्यांच्या पदरात काय पडलं?

पिंपळपान
रानवाट, सरकार पडण्यात चरणसिंग-मोरारजी या जनता नेत्यांच्या भांडणाचाही मोठा वाटा होता, सगळं खापर लिमयेंवर नको. पण मतदारांबद्दलचा प्रश्न रास्त आहे. त्यांचा हिरमोड झाला, हे मी नाकारत नाही.

पदरात काय पडलं, तर निदान एक गोष्ट. ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत कायमची सहा वर्षं करून टाकली होती. जनता राजवटीत, १९७८ मध्ये, ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाच वर्षं केली. ज्या मुद्द्यावर दोन वर्षांपूर्वी दोघांनी खासदारकी सोडली, तो संसदेने मान्य केला. सांगलीकर, म्हणून मी त्याला मैदान सोडणं म्हणत नाही.

सांगलीकर
ती दुरुस्ती सभागृहात बसलेल्यांच्या मतांनीच झाली ना? मी माझ्या मतावर ठाम आहे.