ड्युटी अवर्समध्ये विम्याचा धंदा : आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०२: मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवाय. पावतीवरची तारीख उलटून गेली म्हणून आज रजा टाकून ऑफिसात गेले. अकरा वाजता खुर्ची रिकामी. शिपाई म्हणाला, "साहेब फिल्डवर गेलेत." साडेबाराला साहेब आले आणि आमच्या अर्जांच्या गठ्ठ्यावरच विम्याचे फॉर्म पसरून बसले. फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "काकू, चेक तयार ठेवा, तीनला येतो." माझ्यामागे विड्या वळणारी एक बाई होती. तिची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, रांगेत गेलेल्या वेळेचे तिला कोण देणार? तिला "उद्या या" म्हणाले. फार संताप आला.

सी-४०४: एजन्सी बायकोच्या नावावर असणार. काही करता येत नाही ताई.

ए-१०१: येतं की. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ वाचा. परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, आणि घरच्यांच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाइकं गाठणं हाही नियमभंगच. तोही पगारी वेळेत!

सी-४०४: पण काका, जागा रिकाम्या आहेत, एकेकाकडे दोन-दोन टेबलं. तेही बघा.

ए-१०१: खरंय. पण दोन टेबलं सांभाळणाऱ्याला विम्याचे फॉर्म भरायला सवड कुठून मिळते? शेजारच्या टेबलावरचा प्रामाणिक माणूस याचंही काम ओढतो, आणि शिव्या दोघांनाही बसतात. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

बी-३०२: मग करायचं काय काका?

ए-१०१: पावती जपून ठेव. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण उशीर केला असं ठरलं तर ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. आणि "फिल्डवर" म्हणतात ना, त्याची नोंद हालचाल नोंदवहीत असायला हवी. कुठे, कशासाठी, किती वाजता. माहिती अधिकारात १० रुपये भरून आजच्या पानाची प्रत माग. पान कोरं निघालं तर वरिष्ठांकडच्या तक्रारीला तेच जोड.

सेक्रेटरी: ग्रुपवर कुणाचं नाव किंवा फोटो टाकू नका. तक्रार लेखी, सहीनिशी करू.

बी-३०२: त्या बाईचीही पावती आहे. तिला अर्ज लिहिता येत नाही.

ए-१०१: तिला संध्याकाळी माझ्याकडे घेऊन ये. दोघींचे अर्ज मी लिहून देतो.