लंडनच्या आयरिश मजुरांना चर्चने सावरलं की धाकात ठेवलं?

रानवारा: लंडनचं आपलं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे आणि त्याच्या शेजारचं क्रिकलवूड म्हणजे एके काळी पक्का आयरिश मजुरांचा भाग. १९५०च्या दशकात आयर्लंडमधून चारेक लाख माणसं बाहेर पडली, त्यातली बहुतेक इंग्लंडला. आयर्लंडच्या डन लेअरी बंदरातून बोटीने वेल्समधलं होलीहेड, तिथून ट्रेनने लंडनचं युस्टन स्टेशन, वय अठरा-वीस, खिशात एखाद्या गाववाल्याचा पत्ता, तोही बरोबर असेलच असं नाही. स्टेशनवर त्यांना शोधत कोण उभं असायचं तर लीजन ऑफ मेरी या कॅथलिक संघटनेचे कार्यकर्ते. १९५५ला कॅमडेन स्क्वेअरमधे आयरिश सेंटर उघडलं, तेही धर्मगुरूंच्याच पुढाकाराने, वर राहायला हॉस्टेल. १९५७ला आयरिश बिशपांनी या लोकांसाठी खास पाद्री पाठवायची व्यवस्था सुरू केली. माझं मत सरळ आहे, डब्लिनचं सरकार गप्प होतं आणि लंडनचे घरमालक आयरिश म्हटलं की दार लावायचे, त्या वेळी झोपायला खाट आणि कामाचा पत्ता ज्यांनी दिला त्यांचे उपकार आज चर्चवर राग आहे म्हणून नाकारू नयेत.

शुभा_के: खाट दिली हे खरंच आहे, पण कुणाला दिली ते पण बघा ना. लग्नाआधी दिवस गेले म्हणून गावात तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून ज्या मुली लपून इंग्लंडला यायच्या त्यांचं काय झालं? तिकडच्या समाजसेविकांच्या कागदांवर त्यांच्यासाठी 'पी एफ आय' असा शिक्काच होता, म्हणजे आयर्लंडहून गरोदर होऊन आलेली. लंडनच्या कॅथलिक संस्था आणि डब्लिनची तशीच संस्था मिळून यांना परत पाठवायच्या आणि परत म्हणजे आईवडिलांकडे नाही हो, नन्सच्या मदर अँड बेबी होममधे, म्हणजे लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना बाळंतपणासाठी ठेवायचे त्या संस्थेत. जिथून जीव मुठीत धरून पळाली तिथेच. मूल प्रोटेस्टंट घरात दत्तक जाऊ नये ही मोठी काळजी होती, आईला काय हवंय हे कुणी विचारलं नाही. याला मी मदत म्हणणार नाही.

रानवारा: शुभाताई, ते भयंकर होतं, त्याची बाजू मी घेतच नाहीये. पण ते धोरण चालवणारे आणि सकाळी मजुरांमधे फिरणारे पाद्री यांना एकाच पोत्यात घालू नका एवढंच म्हणतोय. काम कसं मिळायचं बघा, पहाटे कॅमडेन टाउन नाहीतर क्रिकलवूडच्या रस्त्यावर उभं राहायचं, कंत्राटदाराची व्हॅन येणार, माणसं निवडून नेणार, रोख मजुरी आणि ती पण कित्येकदा पबमधे बसूनच वाटायची, म्हणजे निम्मी तिथेच उडाली. सरकारी विम्याचा हप्ता भरलेला नाही, त्यामुळे म्हातारपणी पेन्शन अपुरी नाहीतर नाहीच. या माणसांची नावं ठाऊक असणारा, आजारी पडला तर खोलीवर जाऊन बघणारा दुसरा कोण होता?

गोदाकाठ: दुसरं कुणी नव्हतं हाच तर मुद्दा आहे! आयरिश सरकारने ब्रिटनमधल्या आपल्या लोकांसाठी कल्याणाचं अनुदान नीट सुरू केलं १९८४ला, तोवर १९५०च्या दशकात आलेली पिढी पन्नाशीला टेकली होती. घरचे पाठवलेल्या पैशांवर जगत होते, सरकारला बेकारी कमी दिसत होती, आणि सगळा भार चर्चच्या अंगावर टाकला की सरकारला विचारणारं कोणी राहत नाही. चांगलं काम झालं म्हणून जबाबदारी झटकणाऱ्याला सूट मिळाली असं मला वाटतं.

शुभा_के: +१. आणि आपल्याकडे १८९३ला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात केवढं वादळ उठलं होतं ते आठवा. विधवांना आधार कुणी देत नव्हतं, रमाबाईंनी दिला, पण आधार आणि धर्म एकत्र आला की प्रश्न विचारायचा हक्क लोकांना असतोच, तोच इथेही लावा.

मध्यमपंचम: विचारा की, पण उत्तर पण ऐकून घ्या शुभाताई. पुण्यातल्या त्या गोंधळात किती मुलींना पालकांनी सदनातून काढून नेलं, त्यांच्या शिक्षणाचं पुढे काय झालं? आणि लंडनचंच बोलायचं तर सिस्टर सारा क्लार्क. १९७४नंतर आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या बॉम्बस्फोटांमुळे आयरिश बोलणं ऐकू आलं तरी लोक संशयाने बघायचे, नवा दहशतवादविरोधी कायदा, निरपराध माणसं आत गेली. तेव्हा ही नन तुरुंगाच्या दारात उभी, कैद्यांच्या बायकामुलांना स्टेशनवरून आणायचं, मुक्कामाची सोय करायची, वकिलांच्या मागे लागायचं. बिशपमंडळींनाही ते तेव्हा फार आवडत नव्हतं. या स्फोटांसाठी चुकीने शिक्षा झालेल्यांपैकी गिल्डफर्ड फोर म्हणून ओळखले जाणारे चौघे सुटायला १९८९ उजाडलं, बर्मिंगहॅम सिक्स या सहाजणांना १९९१. ती बाई धर्माच्याच आधारावर उभी होती, हे कसं वगळणार?

रानवारा: अगदी हेच. आणि स्लाउमधल्या एमन केसी या पाद्र्याने तरुण जोडप्यांना घराच्या पहिल्या रकमेसाठी बचत करायला लावलं, भाड्याच्या एका खोलीतून बाहेर काढलं, पुढे १९६६ला बेघरांसाठी निघालेल्या शेल्टर संस्थेच्या उभारणीतही तो होता.

शुभा_के: केसीचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. पुढे बिशप झाला, स्वतःचं मूल लपवलं, ते १९९२ला उघड झालं आणि नंतर त्याच्यावर मुलींच्या लैंगिक शोषणाचे गंभीर आरोपही झाले. ज्या जोडप्यांना घर मिळालं त्यांचं घर खोटं होत नाही, मान्य. सारा क्लार्कपुढे तर मी हात जोडते. पण परत पाठवलेल्या बायका अजून हयात आहेत, कित्येक इंग्लंडमधेच राहतात. आयरिश सरकारने २०२४ला भरपाई योजना सुरू केली तीत लहानपणी सहा महिन्यांपेक्षा कमी काळ त्या होममधे राहिलेल्यांना वगळलंय. पाच महिन्यांचं बाळ आईच्या हातातून काढून घेतलं असेल तर त्याला काही नाही. उपकार मोजायचेच असतील तर आधी ही अट काढायला लावा, आणि भरपाईत चर्चचा वाटा किती ते पण विचारा.