शब्दचर्चा : गिटारची नखी, दांडी आणि घोडी

ब्रायन मेवर मराठीत लिहायला घेतलंय. हाच 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक. १९६३च्या ऑगस्टपासून दोनेक वर्षं वडिलांबरोबर खपून त्याने घरीच 'रेड स्पेशल' ही गिटार बनवली आणि तीच अजून वाजवतो. पहिल्याच परिच्छेदात अडलो. तो पिकऐवजी (तारा छेडायची चिमटीतली छोटी चकती) जुन्या सहा पेन्सच्या ब्रिटिश नाण्याने वाजवतो. पिकला 'नखी' म्हणावं का?

— नखी म्हणजे सतारीची मिजराब. ती तारेची असते, तर्जनीत घालतात. चिमटीत धरायचा तो सरोदचा जवा, करवंटीचा. पिक त्याच्या जवळचं.

— बरोबर आहे, पण 'जवा' वाचून आमच्याकडच्यांना 'जवा-तवा' आठवेल! नखी निदान कानावरची आहे.

— मुळात इथे दोन्ही कशाला? ते नाणं आहे हीच तर गंमत. प्लास्टिकचं पिक लवतं, नाणं लवत नाही, त्यामुळे तारेवर काय चाललंय ते थेट बोटांना कळतं. शिवाय कड दातेरी. जरा तिरकं धरलं की स्वराच्या सुरुवातीला खरखर येते. १९८० साली ही नाणी चलनातून गेली, तर १९९३च्या दौऱ्यासाठी त्याचा चेहरा असलेली खास नाणी पाडली गेली. सरळ 'नाण्याने वाजवतो' लिहा.

पटलं. आता नेक. फायरप्लेसच्या जुन्या चौकटीचं लाकूड, किड्यांनी पाडलेली भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवलेली. मान म्हणू की दांडी?

— दांडी. सतारीला तोच शब्द आहे. तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजला घोडी, खुंट्या आहेतच. फ्रेटला पडदा चालेल, फक्त सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात, सरकवता येतात; हे ठोकून बसवलेले. रेड स्पेशलला २४ आहेत.

आणि ट्रेमोलो, म्हणजे तारा ढिल्या करायचा दांडा? सुरीच्या पोलादाच्या धारेवर तोललेली यंत्रणा, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा आणि दांड्याच्या टोकाला आईची विणायची सुई. हे सगळं लिहून झालं, शब्दच मिळेना.

— इंग्रजी शब्दच चुकलेला आहे. ट्रेमोलोत आवाज लहानमोठा होतो. हा दांडा दाबला की स्वर उतरतो, म्हणजे ते व्हायब्राटो. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५४च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर ट्रेमोलो हे नाव दिलं आणि तेच रुळलं.

— मग 'आंदोलन'?

— नको हो. आंदोलन दरबारीतल्या गंधाराचं, एका स्वराचं. इथे सहाच्या सहा तारा एकदम ढिल्या पडतात. मींडही नाही, तिथे एकच तार खेचतात.

— 'स्वरदांडा'?

— परिभाषाकोशातून आल्यासारखा वाटतो. वाचणारा पुढे जाणार नाही.

बरं, ट्रेमोलोच ठेवतो आणि तो स्वर उतरवतो हे एका वाक्यात सांगतो. राहता राहिलं पिकअप, तारांची थरथर विजेत उतरवणारं.

— पिकअपला हात लावू नका.